टिपांसह वाचावे

मी, शरच्चंद्र गोविंद केमकर, वय साठ, मूळ गाव केम, हल्ली राहणार सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवतो.

१. राहते घर माझी विधवा सून गोदावरी हिला पूर्ण मालकीने द्यावे. कारण: मागच्या दोन्ही खोल्या तिच्या शिक्षिकेच्या पगारातून उठल्या. बांधकामाचा परवाना माझ्या नावाचा, एवढेच.

धाकटा भाऊ मुकुंद म्हणाला, "दादा, सून म्हणजे परक्याची पोर. उद्या दुसरं लग्न करील." करावे. घर तिचेच राहील. केमची जमीन मुकुंद कसतो. तीतला माझा हिस्सा त्याला.

२. वकीलसाहेब म्हणाले, "कारणं गाळा. हुकूम तेवढा ठेवा." गाळणार नाही.

गिरणीच्या कॉम्प्युटर विभागात पगाराचा प्रोग्रॅम मी लिहिला. ओळीला भोके पाडलेले एक कार्ड. सातव्या रकान्यात फुली असलेले कार्ड म्हणजे टीप. ती माणसासाठी, यंत्र तिच्यावरून पुढे जाते. विभागप्रमुख मानसिंगरावांनी फुलीची कार्डे काढून टाकणारा छोटा प्रोग्रॅम केला. गठ्ठा निम्मा झाला. "पगार निघतोय ना? मग कीर्तन कशाला?" पगार निघत राहिला. पुढे एका नव्या माणसाला एक ओळ निरर्थक वाटली. त्याने ती काढली. तान्ह्या मुलांना पाजायला बायकांना मिळणारा अर्धा तास कामात धरायचा, हे त्या ओळीचे काम. संपानंतरचा तो करार टिपेत होता.

कांड्या भरणाऱ्या खात्यातील सुंदरम्मा दारात येऊन उभी राहिली. "साहेब, आमचा अर्धा तास कुटं गेला? तुमच्या मशीनलाबी लेकरू हाय की काय?"

जुन्या गठ्ठ्याची एक प्रत मी घरी ठेवली होती, तिच्यावरून ओळ परत घातली. टिपेसकट.

३. ती प्रत, दोन पेट्या, कामगार युनियनला. मानसिंगरावांच्या त्या छोट्या प्रोग्रॅमची चिमूटभर कार्डे माझ्याकडे राहिली आहेत. त्यांची त्यांना द्यावीत. रबर नवे लावावे.

४. बँकेतील शिल्लक गोदावरीस. कारण लिहावे इतकी ती नाही.

५. घराबद्दल कुणी हरकत घेतल्यास कलम १ कारणासह मोठ्याने वाचावे. कारण वगळून काढलेली नक्कल माझी इच्छा समजू नये.

आज हे गोदावरीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मामंजी, दुसऱ्या लग्नाचं वाक्य तरी गाळा."

ते राहील.

सही: श. गो. केमकर
आमच्यासमोर सही केली:
चनमल्लप्पा शिवप्पा बिराजदार
श्रीमंत येडू गायकवाड
सोलापूर, ता. ११ ऑगस्ट १९७८