पिठाच्या गोळ्या

सोलापूर,
गुरुवार, ता. ११ ऑक्टोबर १९३४

प्रिय बनू,

तुझं पत्र काल दुपारी आलं. बार्शीची खोली हवेशीर आहे, गिरणीच्या पाळणाघरात एकतीस मुलं आहेत, मॅनेजर तुझं ऐकतात, हे वाचून बरं वाटलं. मग शेवटचं पान वाचलं. सोमवारपासून बायकांच्या अफूच्या डब्या फाटकावरच काढून घ्यायच्या आणि मुलांची गोळी एका दिवसात बंद करायची, असं तू ठरवलं आहेस. बनू, हे करू नकोस. हे पत्र शनिवारी तुला मिळावं. तारही करते आहे, पण तारेत कारण मावायचं नाही.

तुझा राग मला कळतो. बाळगोळी, म्हणजे मूल झोपवायची ही अफूची गोळी, दिलेलं मूल कसं पडून असतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंड म्हाताऱ्यासारखं. भूक लागली तरी ते रडत नाही, आणि रडत नाही म्हणून त्याला कुणी पाजत नाही. आईला दहा तास उभं राहायचं असतं; मध्येच पाजायला गेली तर मुकादम खाडा मांडतो. अफू परवान्याच्या दुकानात उघड मिळते. पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अॅग्नेस आमची नखं रोज तपासायच्या, मळ दिसला की जागच्या जागी काढायला लावायच्या. अफू म्हणजे तसाच मळ, असं मला वाटायचं.

एकोणीसशे बावीस साली तू नऊ वर्षांची होतीस. तुझे बाबा जाऊन वर्ष झालं होतं. शाळा सुटली की तू थेट मी सांभाळायचे त्या गिरणीच्या पाळणाघरात यायचीस आणि दोन्ही हातांनी दोन पाळणे हलवायचीस. तुझा लाडका मडू तुला आठवतो का? शिवम्माचा मडिवाळप्पा, सात महिन्यांचा. तुझी रिबीन एकदा मुठीत आली की सोडायचा नाही. शिवम्मा अक्कलकोटकडची, कांड्या भरायच्या खात्यात होती. तुला 'बनव्वा' म्हणायची आणि ओच्यातल्या भाजलेल्या शेंगा तुझ्या परकरात ओतायची. मडू कुठे गेला, असं तू मला कितीदा विचारलंस. आजोळी गेला, असं मी सांगितलं.

आमच्याकडे रीत अशी होती. सकाळच्या भोंग्याला प्रत्येक आई मूल आणि गोळ्यांची डबी पाळणाघरातल्या कामवाल्या गोजरबाईच्या हातात द्यायची. दुपारची गोळी गोजरबाई द्यायची आणि संध्याकाळी डबी आईबरोबर घरी जायची. बायकांशी भांडण नको म्हणून मी एक युक्ती काढली. काळा गूळ आणि भाजलेलं पीठ मळून, वासाला बाळंतशोपा घालून, बाजरीएवढ्या गोळ्या वळल्या. एका दुपारी सगळ्या डब्या रिकाम्या केल्या आणि या गोळ्या भरून ठेवल्या. आयांना पत्ता लागणार नाही आणि मुलं सुटतील. गोजरबाईने पाहिलं. ती म्हणाली, "बाई, आयांना सांगा तरी. त्यास्नी ठावं नसलं, तर त्या आपल्या मनानं काय बी करतील की." मी तिला म्हणाले, तू आपला केर काढ.

दुसऱ्या दिवसापासून मुलं जांभया देऊ लागली, शिंकू लागली. हातपाय थरथरत, दूध पोटात ठरेना, जुलाब होत. रडणं असं चिरकं की खात्यातल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. पुढे डॉक्टरांनी मला समजावलं की मेंदू अफूवर टेकून उभा राहायला शिकलेला असतो. टेकू एकदम काढला की सगळं शरीर कोलमडतं, आणि लहानग्याचा त्यात जीवही जाऊ शकतो. मला तेव्हा वाटलं, विष बाहेर पडतं आहे, चार दिवसांत थांबेल.

पाचव्या दिवशी सकाळी मडू शांत झोपून आला. मला केवढा आनंद झाला. मुलगा सुटला, असं मी गोजरबाईला म्हणाले, आणि वहीत 'झोप उत्तम' असं लिहिलं. दहा वाजता गोजरबाईने त्याला पाजायला उचललं आणि तशीच माझ्याकडे पाहत उभी राहिली. ओठ निळे पडले होते. डॉक्टर येईपर्यंत श्वास थांबला.

शिवम्मा धावत आली. ती रडत नव्हती, हिशेब लावत होती. "बाई, गोळी लागंना म्हणून तीन दिवस दोन दोन देत होते. काल डबी संपली, नवी आणली. काल बी दोनच दिल्या की. मग कालच कसं असं झालं?" आधीच्या गोळ्या पिठाच्या होत्या आणि कालच्या खऱ्या अफूच्या, हे तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत फक्त मला आणि गोजरबाईला माहीत होतं. गोजरबाईने मान खाली घातली. मी शिवम्माला पाणी दिलं.

गोळी बंद करायचीच, बनू. पण आयांना समोर बसवून, डॉक्टरांना विचारून, थोडी थोडी कमी करत, महिना लागला तर महिना. आधी मॅनेजरांकडून दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी मिळव. ती मिळाली तर अर्ध्या बायका आपणहून डबी आणायच्या नाहीत. नाहीतर उद्या त्या घरी चोरून देतील ती गोळी किती मोठी असेल, हे तुला कळणार नाही.

आता खरं कारण लिहिते. सोलापूरच्या गिरणीचा एक जुना रिपोर्ट अर्जाला जोडला आणि तो वाचूनच मॅनेजरांनी मंजुरी दिली, असं तू लिहितेस. 'पाळणा क्रमांक चौदा. मातेने अज्ञानाने दुप्पट मात्रा दिल्याने मूल दगावले.' खाली सही माझी आहे, म्हणून तू अभिमानाने तो जोडलास. चौदा नंबरचा पाळणा मडूचा. त्या रिपोर्टातला प्रत्येक शब्द खरा आहे. गुळापिठाचा उल्लेख तेवढा नाही. तो वाचून शिवम्माला कामावरून काढलं आणि मला पाच रुपये पगारवाढ मिळाली. तुझी फी मी त्यातूनच भरली. सोमवारी भोंगा व्हायच्या आत हे पत्र मॅनेजरांना वाचून दाखव, आणि त्या रिपोर्टाला जोडून ठेव. माझ्या नावाची काळजी करू नकोस.

इतकी वर्षं तुझ्यापासून लपलेली, तरी तुझीच,
आई