देवापुढची विलायती वात

आई, आज नातीला टॅम्पॉन कसा वापरायचा ते सांगताना मला मध्येच हसू फुटलं. तिला वाटलं, आजी लाजली. मला आपलं सोलापुरातलं स्वयंपाकघर दिसत होतं. सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा, रविवारी शाळेच्या पोहण्याच्या शर्यती आणि शनिवारी मला पाळी आलेली. कापडाची घडी घेऊन पाण्यात उतरायचं कसं, म्हणून मी रडकुंडीला आलेले. तुझी धाकटी बहीण, परदेशात नर्स असलेली माझी मावशी, तेव्हा सुट्टीवर आली होती. मला दाखवायला म्हणून तिने एक टॅम्पॉन वेष्टनातून काढून ओट्यावर ठेवला आणि ती हात धुवायला गेली. तेवढ्यात तू आलीस. पांढराशुभ्र कापूस, त्याला दोरा. बहिणीने विलायतेहून देवासाठी वात आणली म्हणून खूश होऊन तू ती तेलात बुडवून समईत लावलीससुद्धा. पाळीत मला देवघराकडे फिरकू न देणारी तू! वात नीट पेटेना, नुसती धुमसत राहिली.

मावशी हसून हसून खालीच बसली. "अगं अक्का, ते पाळीचं हाय." तुझा चेहरा उतरला, तशी म्हणाली, "कोरा कापूस तर हाय की. देव काय रागावतोय व्हय?" मग तू माझ्या काळजीने भांडायलाच उठलीस. "आत हरवलं तर? पोटात चढलं तर? उद्या लगीन कसं व्हायचं हिचं?"

"वर जायला वाटच न्हाय, अक्का. पिशवीचं तोंड लई बारीक असतंय. दोरा भाईर ऱ्हातो, तो ओढला की निघतंय. हात धुवून घालायचं, चार-सा तासांनी बदलायचं, इसरून ठिवायचं न्हाय. आन् कुवारपण कापसानं जात न्हाय." तू समईतली ती धुमसती वात काढून टाकलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "जा, पोह."

दुसऱ्या दिवशी तू तलावाच्या काठावर पदर आवळून बसलेली. मी बाहेर आले तर कितवी आले हेही विचारलं नाहीस. टॉवेल गुंडाळता गुंडाळता कानाशी म्हणालीस, "दोरा हाय न्हवं?" मी फणकारले, "असणारच की! मला न्हाय बाई काळजी."

आई, तुझी फार आठवण येते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, म्हणून इथेच सांगते. शर्यत संपली आणि काठाला हात लागला, तेव्हा पाण्यातच मी आधी दोरा चाचपून बघितला होता.