मुंगीला माझी साथ

४ मार्च, सोमवार
मुंगीला पत्र आलं. कुमार वाद्यवृंदाची निवड-चाचणी १४ एप्रिलला. चेलोची जागा एकच. गेली दोन वर्षं पोरगी त्या एका खुर्चीकडे डोळे लावून बसली आहे. वय तेरा. चेलोची पेटी पाठीवर घेतली की मागून फक्त दोन पाय दिसतात, म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात. नाव मीच ठेवलं. घरातल्या बहुतेक चांगल्या गोष्टी मीच सुचवलेल्या आहेत.

चार मिनिटांची एक संथ रचना वाजवायची. पियानोची साथ लागते. साथीदार ज्याचा त्याने आणायचा.

पत्र वाचतावाचताच ठरलं. साथ मी करणार. आडात आहे म्हणून तर पोहऱ्यात आलं! हातात सहा आठवडे आहेत. वाजवता येत नाही, ही एकच अडचण.

५ मार्च
कीबोर्ड मिळाला. चष्म्याच्या दुकानाचे आमचे मालक, त्यांच्या माळ्यावर पडून होता. सोबत जाडजूड माहितीपुस्तिका. वाचणार नाही. पुस्तक वाचून कुणाला पोहता आलंय?

ओल्या फडक्याने सगळी बटणं दाबून-दाबून पुसली. छोट्या पडद्यावर ‘+1’ असं दिसायला लागलं. प्रगती मोजत असावा. पहिल्याच दिवशी एक!

निश्चय: रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा रियाज. चहा नंतर. फोन बंद.

६ मार्च, सकाळी ८.१०
उठायला उशीर झाला. फोन बंद असल्याने गजर वाजला नाही.

७ मार्च
साडेपाचला बसलो. पावणेसहाला खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दारात. कुणाला फार दुखतंय का, असं विचारत होते. रियाज चाललाय म्हटलं. त्यावर म्हणाले, मग माझ्याकडे औषध नाही. मिश्कील गृहस्थ. संगीताची आवड दिसते.

९ मार्च, शनिवार
उजवा हात तयार. म्हणजे पहिली ओळ. डावा हात अजून ऐकत नाही. सौ.ने सुचवलं की चाचणीला आपण दोघं प्रेक्षकांत बसू, नीट ऐकू. मी म्हटलं, तू बस, मला मंचावरून जास्त चांगलं ऐकू येईल. मग ती छंदांच्या कपाटावर घसरली. त्यात एक अर्धी दुर्बीण आहे, बाटलीत जहाज बांधायची बाटली आहे आणि बुरशी आलेलं बागकामाचं काहीतरी आहे. ते तिने एकेक करून मोजून दाखवलं. बायकांना प्रयोग आणि अपयश यातला फरक कळत नाही.

१३ मार्च
आज पहिल्यांदा एकत्र वाजवलं. मी आणि मुंगी. ऊर भरून आला.

तिला मात्र कसंतरीच वाटत होतं. दोन सुरांनंतर थांबली. म्हणाली, बाबा, तू वर आहेस. मी म्हटलं, अगं मी खुर्चीवर, तूही खुर्चीवर. म्हणाली, सूर वर आहे तुझा. मी शांतपणे समजावलं. कीबोर्ड हे यंत्र आहे, यंत्र चुकत नाही. लाकूड आणि तारा हवेने ढिल्या पडतात, तेव्हा खाली तिचा चेलो आहे. तिने चेलो पेटीत ठेवला. पटलं असावं.

१७ मार्च, रविवार
मुंगी हल्ली तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत सराव करते. तीन मजले पेटी उतरवते, तीन मजले चढवते. तिथे आवाज छान घुमतो म्हणे. शिवाय व्यायाम. जिद्द माझ्यावर गेली आहे.

१८ मार्च
पोरीला तिथे एकटं का सोडायचं? कीबोर्ड काखेत मारून मीही तळघरात गेलो. तिचे डोळे पाणावले. धुण्याच्या पावडरीचा वास फार उग्र आहे तिथे.

कपड्यांची तीन यंत्रं चालू होती. मला ठेका धरायला सोयीचं पडलं. यंत्र पिळायला लागल्यावर माझी लय जरा वाढली. मुंगी मागे राहिली.

२० मार्च
मुंगी आता आपल्या बाईंच्या घरी सराव करते. बाई म्हणजे तिला चेलो शिकवणाऱ्या. तिथे बाई पियानोवर बसतात. उत्तम. ऐनवेळी मला सर्दी-पडसं झालं तर कुणीतरी तयार असावं. बाई दूरदृष्टीच्या आहेत.

२५ मार्च
दुकानात काच घासताना पायाने ठेका धरला होता. तिसऱ्या मात्रेला काचेची कड उडाली. गिऱ्हाईकाची डावी काच. मालक चांगले आहेत, पण ओरडतात मोठ्याने. आठवडाभर मला चष्म्यांचे स्क्रू आवळायला बसवलं.

मनाला लावून घेतलेलं नाही. स्क्रू आवळणं ही कला आहे. कुठे थांबायचं हे बोटाला कळावं लागतं.

२८ मार्च, गुरुवार
रियाज: सोमवार, नाही (पाठ). मंगळवार, नाही (पाहुणे). बुधवार, नाही (पाहुणे आले नाहीत, वाट पाहण्यात वेळ गेला). आज पाच मिनिटं. पण मनातल्या मनात सतत चालू असतो. मोठे कलाकार असंच करतात.

चार दिवसांत स्क्रू मात्र दोनशेच्या वर. एकही तुटला नाही. हात बसला.

१ एप्रिल
मुंगी रात्री जेवताना फारसं बोलत नाही. बोटं टेबलावर चालतात, डोळे मिटलेले. मी विचारलं, माझ्यामुळे टेन्शन तर नाही ना आलं? म्हणजे वडील बरोबर वाजवणार म्हटल्यावर दडपण येतंच. ती म्हणाली, नाही रे बाबा. मग आईकडे बघितलं. आई ताटाकडे बघत होती. आमच्या घरात भावना बोलून दाखवायची पद्धत नाही.

६ एप्रिल, शनिवार
प्रामाणिकपणे लिहितो: अडीच ओळी. रचना अकरा ओळींची. पण त्या अडीच ओळी अशा वाजतात की बाकीच्या ऐकाव्यात असं कुणाला वाटू नये.

१० एप्रिल
बाईंचा फोन. साथीदार म्हणून अर्जावर नाव त्यांचं आहे. मार्चमध्येच भरलं होतं. मुंगीने स्वतःच्या हाताने, म्हणाल्या.

थोडा वेळ खिडकीपाशी उभा राहिलो.

मग उलगडा झाला. पोरीला वाटलं असणार, बाबाला दुकान, घर, एवढे छंद. आणखी ओझं कशाला. समजूतदार आहे. मी मोठ्या मनाने मान्यता दिली. सौ. ‘सुटलो’ असं काहीतरी पुटपुटली. माझ्या वतीनेच म्हणाली असणार.

तरी बाप म्हणून काहीतरी केलं पाहिजे. स्वस्थ बसवत नाही. हात शिवशिवतात.

१२ एप्रिल
विचार करतोय. बाईंना जे जमलं नाही ते एकच आहे: चेलो अजून खालीच आहे. रात्री पेटी घरी आली की तारा छेडून बघतो मी. कीबोर्डशी लावून बघितलं, प्रत्येक तार खाली. एवढी मोठी चाचणी, आणि बाईंच्या लक्षातही येऊ नये! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगणच वाकडं आहे, आणि पोरगी बिचारी नाचते आहे.

१४ एप्रिल, रविवार, पहाटे ५.४०
आजच तो दिवस. सगळे झोपलेत. मुंगीच्या खोलीतून पेटी अलगद बाहेर आणली. कीबोर्डचा आवाज अगदी बारीक ठेवला. एक-एक खुंटी पिळत सूर जुळवले. जाड तारा पटकन आल्या. सगळ्यांत बारीक तार जरा हट्टी. अजून थोडी. अजून थोडी. दोनशे स्क्रूंचा अनुभव कामाला आला. कितीतरी दिवसांनी हात असा छान चालला. गुणगुणत होतो बहुतेक.

६.०५
चारी तारा कीबोर्डशी तंतोतंत. पेटी जागेवर. मुंगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. तिला सांगणार नाही. निवड झाली की सांगेन.

दुपारी ३.३०
सभागृहाच्या मागच्या खोलीत मुंगीने पेटी उघडली. बारीक तार तुटून वेटोळं झालेलं.

बाईंकडे जादा तार होती. बसवली. पण नवी तार ताणत राहते म्हणे. लावली की उतरते, लावली की उतरते. बाकीच्या तीनही तारा बाईंनी खाली घेतल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या की कुणीतरी खुंट्यांना हात लावलेला दिसतोय. मी भिंतीवरची सूचना वाचत होतो. आग लागल्यास काय करावं.

मुंगी एवढंच म्हणाली की तारा तुटतात कधीकधी.

मग तिचं नाव पुकारलं.

सायंकाळी ७
मला नीट लिहायचं आहे, जमत नाही. ती वाजवत होती आणि तिसऱ्या ओळीपासून ती तार खाली घसरायला लागली. माझ्यासारख्यालाही कळलं. ती बोट सरकवून-सरकवून सूर पकडत होती. चेहऱ्यावर काही नाही. फक्त बोट वर, आणखी वर. चार मिनिटं. अकरा ओळी मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकल्या. इतकं सुंदर असतं ते, हे मला माहीत नव्हतं.

निश्चय: उद्या तिला खरं सांगणार.

१५ एप्रिल
आज ती दमलेली होती. उद्या.

१६ एप्रिल
आज मी दमलो होतो. काहीतरी करायचं म्हणून कीबोर्डची माहितीपुस्तिका वाचली. पान चार. ‘+1’ म्हणजे सगळे सूर अर्ध्या स्वराने वर. बटण चुकून दाबलं जाऊ शकतं, तरी ओल्या फडक्याने पुसू नये.

पुस्तिका खोक्यात परत ठेवली. खोकं माळ्यावर ठेवलं. मग माळ्यावरून काढून छंदांच्या कपाटात ठेवलं.

१७ एप्रिल
सांगायला गेलो. तिचा गृहपाठ चालू होता. शिक्षणात अडथळा नको.

१९ एप्रिल
निकालाआधी सांगितलं तर उगाच खचेल. निकालानंतर सांगणं योग्य. निवड झाली तर सांगायची गरजच उरणार नाही.

२० एप्रिल, शनिवार
पत्र आलं. निवड नाही. वादन समंजस, सूर अस्थिर, पुढच्या वर्षी अवश्य यावे.

परीक्षकांना खरमरीत पत्र लिहायला घेतलं. ‘महोदय, तारेचा दोष वादकाचा नसतो’ इथपर्यंत आलो. पुढचं वाक्य सुचलं, पण लिहिता येईना.

२१ एप्रिल, रविवार
मुंगी गॅलरीत बसली होती. जाऊन शेजारी बसलो. मला तुला एक सांगायचंय, इतकं म्हणून पाणी प्यायला आत गेलो. परत आलो.

तिनेच सांगितलं. त्या पहाटे ती जागी होती. खुंट्या पिळल्याचा करकर आवाज तिला सगळा ऐकू आला. सभागृहात गेल्यावर सूर परत खाली आणता येतील असा तिचा हिशोब होता. तार तुटेल असं तिला वाटलं नाही.

मी विचारलं, मग मला थांबवलं का नाहीस?

म्हणाली की तू गुणगुणत होतास. इतका खुश होतास, की उठून बोलवेना.

मी रडलो. तीही रडली, पण तिचं लवकर थांबलं. तिला सांगितलं की चूक माझी, संपूर्ण माझी, आणि तुझ्या पेटीला यापुढे कधीही हात लावणार नाही. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, बापाचा शब्द आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार
घरात सगळं पूर्ववत. मुंगी परत आमच्याच घरात सराव करते. दार लावून, पण घरात. डॉक्टर जिन्यात भेटले, हल्ली फार छान ऐकू येतं म्हणाले. मी आभार मानले.

पुढच्या वर्षीच्या चाचणीला अजून अकरा महिने आहेत. माझ्या मनात काही कल्पना घोळत आहेत.

२७ एप्रिल, शनिवार
चेलोच्या पेटीला आज आकड्यांचं कुलूप दिसलं. चार आकड्यांचं. सौ.ला विचारलं, तर म्हणाली पोरीला विचार. पोरीला विचारलं, तर म्हणाली आईला विचार.

दिलेला शब्द मी पाळतोच. पण शब्द पेटीबद्दल होता, कुलपाबद्दल नव्हे. दोघी बाहेर गेल्यावर सहज बसलो. आकडा कुठला असेल हे बापाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझी जन्मतारीख लावून पाहिली. उघडलं नाही.