डाव्या हातानं जेवणारा हिरो

शनिवार, यात्रेचा दिवस

शेवटी आमचा सिनेमा आमच्याच गावच्या यात्रेत लागला नाही. निर्माता मी, पण वितरणाचे हक्क आता सांगलीत असलेल्या दिलीपकडे. तो फोनवर एवढंच म्हणाला, "गावाला फुकट दावलास तर थेटरात कोण यील रं?" मीही तापलो. "आता वकिलाशीच बोल," म्हणालो. शाळेपासून ज्याच्यासोबत एका ताटात जेवलो, त्याला हे बोललो! आणि त्याचं चुकलं तरी काय?

पंचांनी कुठला तरी जुना सिनेमा आणला. आत्या नवं लुगडं नेसून पुढं बसलेली. आमच्या सिनेमात ती भाकरी थापते. "माजा शीन कवा हाय रं?" उठलो आणि पडद्यामागं गेलो. लहानपणी मी आणि दिलीप तिथंच बसायचो. मागून सगळं उलटं दिसतं, हिरो डाव्या हातानं जेवतो. त्यावर आम्ही लोळून हसायचो.

आजही हिरो डाव्या हातानं जेवला. मी हसत शेजारी वळलो.

पोतं मी दोघांपुरतं अंथरलं होतं.