वाढलेल्या बांगड्या

१४ एप्रिल २०२५

पुन्हा तेच! खालच्या मयुरीने फुटक्या बांगड्यांची पिशवी आणून दिली. मी म्हटलं, बरं झालं फुटल्या. सासूबाई आतून गरजल्या — "फुटनी म्हनू नको, वाढनी म्हन." बारा वर्षं ऐकतेय. मग मी रोज टाचेतून काच काढते ती काय, वाढून रुतली?

काच घासायची, अकीकाच्या खड्यांबरोबर तांब्याच्या तारेत गुंफायची. लोक दागिना म्हणतात. सासूबाई भंगार म्हणतात.

१७ एप्रिल

वेसूच्या प्रदर्शन भरवणाऱ्या जयश्रीबेन येऊन गेल्या. ४ मेच्या प्रदर्शनात एक टेबल माझं — माझ्या नावाचं! फक्त एक मोठा हार हवा, हिरवा, बघणारा थांबला पाहिजे असा.

हिरवा कुठून आणू? हल्लीच्या बांगड्यांचा रंग घासला की निघतो.

१९ एप्रिल

आखाजीला पितरांच्या नावाने पाणी भरायची ती घागर काढायला सासूबाईंची पेटी उघडली. तळाशी पावडरचा डबा. त्यात जाड, जुने, आतपर्यंत हिरवे तुकडे! विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या. म्हणून विचारलं नाही.

२४ एप्रिल

हार झाला. सत्तावीस तुकडे, मधे तांबूस अकीक. बोटं चिरलीत. इतकं चांगलं मी आजवर काहीच केलं नव्हतं.

२६ एप्रिल

रिकामा डबा सापडला. सासूबाईंनी तो झाकण लावून परत पेटीत ठेवला. माझा नवरा गजेंद्र मात्र लूमच्या कारखान्यातून आल्या आल्या सुटला. तो दोन वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, त्या दिवशीच्या आईच्या बांगड्या होत्या म्हणे.

"माझ्या बापाच्या मरणाचा तू बाजार मांडलास?"

मला माहीत नव्हतं म्हटलं. खोटं. विधवेच्या पेटीत हिरवी काच — थोडं कळलं होतं. इथे तरी खरं लिहिते.

आखाजीच्या आत हार मोडून तुकडे डब्यात ठेवायचे, असा हुकूम. मी नाही म्हटलं.

२८ एप्रिल

माझ्या हातचा चहा सासूबाई मोरीत ओततात. माझ्यासमोर ओततात! गजेंद्रने सासऱ्यांच्या फोटोला नवा चंदनाचा हार आणला. मेलेल्या माणसाचा केवढा तो मान, आणि जिवंत बाईच्या कामाला कोणी विचारत नाही. रागच नाही, द्वेष वाटतो मला या घराचा. त्या म्हातारीचा तर फारच.

२९ एप्रिल

हरले. उद्या सकाळी मोडते. जयश्रीबेनना काय तोंड दाखवू?

३० एप्रिल, आखाजी

पक्कड लावली तोच सासूबाईंनी मनगट धरलं. घागर त्यांच्या पायाशी, कोरडीच.

"मोडू नको. त्या वाढन्यात नहीत. मीच फोड्यात. गजेंद्रना बाप मरना नही. बारडोलीले शे, दुसरी बायको करी त्यानी."

चाळीस वर्षं या घरात जिवंत माणसाच्या नावाने पाणी भरलं जातंय.

बाहेरून गजेंद्र विचारतोय, बाबांची घागर भरली का.