कुडपणचा नवा संगणक

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, माझा राग मात्र गेलेला नाही. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

आज कुडपणच्या समाजमंदिरात नवा संगणक आलाय. मी वाडीतली पहिली पदवीधर, म्हणून तो चालू करायचा मान माझा. पण कंपनीने आत इतका कचरा भरलाय की चालू करताच जाहिराती उसळतात आणि साधं पान उघडायला वेळ लागतो. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं, की आहे तसंच चालवावं? पेनड्राइव्ह तयार आहे, हात पुढे होत नाही. शेजारची काकी विचारते, "नवा हाय नाय गो? मग पुसतेस कशाला?"

तिची भीती खरी आहे. समाजमंदिरातला आमचा पहिला संगणकही नवाच होता. महाडला तुमच्या संगणकाच्या क्लासमध्ये तुम्ही तो पुसलात, नव्याने भरलात आणि काहीही नवं जोडायला लागेल असा स्वतःचा पासवर्ड घातलात. मग प्रिंटर जोडायचा म्हटलं तरी बाबा तो डबा गोधडीत गुंडाळून जीपने पोलादपूरला आणि तिथून एसटीने तुमच्याकडे न्यायचे. एकदा मी पासवर्ड मागितला. तुम्ही म्हणालात, "डोंगरातल्या पोरांच्या हाती दिला तर उद्या मशीन भंगारात." बाबा हसले. "खरं हाय, सर." त्यांचं ते हसणं मी तुम्हाला माफ करणार नाही.

तुम्ही गेलात, पासवर्डही तुमच्याबरोबर गेला. तरी वाडीत कुणी तो संगणक पुसू दिला नाही. "सरांनी घातलेलं हाय, हात लावू नको." मी शिकून परत येईपर्यंत तो निकामी झाला होता. आता त्यावर भजनाचे टाळ ठेवतात.

इथवर लिहून उठले आणि पुसलं. नव्या मशीनवर भरवसा ठेवू नये, आधी ती साफ करावी, हे तुमचं म्हणणं बरोबर होतं. ते कबूल करताना दात आवळले जातात. पडदा काळा झाला तशी काकी म्हणाली, "गेला काय गो सगळा?"

"नाय गो, येतोय."

आला. पासवर्डचा चौकोन उघडला. पोरं भोवती दाटली होती, एकाचे हात चिखलाने भरलेले. माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की ही पोरं बिघडवतील. मी असा शब्द टाकला, जो वाडीत कुणाला सुचणार नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. मघाशी काकीने विचारलं, "काय घातलंस गो?"

मी अजून सांगितलेलं नाही.