गयाबाईंच्या घरचं पाणी

१२ मार्च, लातूर
नांदेडहून परतलो. तिथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी पसरली, शेजारी जुनी ठेवली. "आप्पा, हृदयात वीज नेणारी डावीकडची वाट बंद झालीय. वीज उशिरा पोचते. हृदयाच्या दोन बाजू एकदम दाबत नाहीत." हृदय आधीच थकलेलं, त्यात हे. लक्षण चांगलं नाही म्हणाले. मीठ बंद. पाणी दिवसाला लिटरभर, चहा धरून. टँकरवर जगणाऱ्या गावात असा पेशंट म्हणजे सरकारची सोयच!
"एकटे राहू नका. निदान कुणाला तरी सांगून ठेवा."
बरं म्हणालो. ही गेल्यापासून सांगायला आहे कोण?

१५ मार्च
शेजारच्या गयाबाईंकडे गेलो. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या ऑफिसात बदली झाल्यापासून बोलणं काय ते त्यांच्याशीच. आज सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडायच्या आत गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे. माझा दिवसाचा वाटा घरीच संपलेला. "नको, पाणी नको."
त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या लिंगाकडे, लिंगायताच्या खुणेकडे गेली. "आमी बौद्ध म्हणून व्हय, आप्पा? सकाळधरनं टँकरला हुबी राहून आनलंय."
धाप लागली. तसाच उठून आलो. घात केला.

२१ मार्च
मी बाहेर आलो की त्यांचं दार लागतं. पाय सुजलेत, चप्पल चढत नाही. आमच्यासारख्या घरांत आजोबांच्या वेळी शिवाशिवीचं काय चालायचं ते त्यांनाही ठाऊक, मलाही. कुठल्या तोंडानं समजावू? ऑफिसात फायलींपुरतं बोलणं. संध्याकाळी रेडिओवरच्या बाईला उत्तर दिलं. फार एकटं वाटतंय.

२४ मार्च
गेलो एकदाचा. दारातूनच म्हणालो, "घोटभर पाणी द्या."
"आज चालंल व्हय?"
प्यालो. मग सगळं सांगितलं, पट्टीचं, पाण्याचं. त्यांनी तांब्या हातातून ओढूनच घेतला. "लई येडं मानूस! आधी सांगाया काय झालतं?" मग हळू, "किती दिस म्हनले डॉक्टर?"
मी विचारलं नव्हतं.

३० मार्च
आता रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक, "आप्पा, उठलाव का?" मी ओ दिली की त्या कामावर जातात. आज मुद्दाम गप्प पडून राहिलो. दुसरी हाक येते का बघायचं होतं. आली. मग भांडं पडल्याचा आवाज, पावलं, दारावर थापा. "आप्पा! आप्पा!"
ओ द्यायला गेलो तर रडूच आलं. तसाच उठून कडी काढली.